अंडी फोडणाऱ्या नातीची तोंडी परीक्षा

नात लावण्याची पीएचडीची तोंडी परीक्षा बंगळुरात आटोपली असेल, म्हणून गंगाबाई तंजावूरच्या एसटीडी बूथवर रांगेत उभ्या होत्या. लावण्याला सून म्हणून नाकारणारी राजम नेमकी पुढे होती; फोन आटोपून ती बूथच्या दारातच थांबली. मागे रांगेत उभ्या शेजारच्या सुंदरला सगळं ऐकू येत होतं.

“अक्का,” राजम म्हणाली, “अंडी फोडणारी मुलगी आमच्या सोवळ्यात कशी चालणार?”

“फोडून खात नाही गं! आतल्या पिलाचे मज्जातंतू कसे घडतात ते बघते.”

“ते देव घडवतो.”

“लग्नाचं जेवणही देवच घालतो, तरी आचारी लागतोच ना? प्रत्येक पेशीत सगळ्या पदार्थांची तीच वही असते. कुठलं पान वाचायचं, त्यावर काही प्रथिनं बोट ठेवतात. त्यातलं एक अडवलं तर मज्जातंतूची पेशी घडतच नाही, हे आमच्या लावण्यानं दाखवलं.”

“परीक्षकांना पटायला हवं!”

“तुझा फोन झालाय ना? सरक.”

काचेआडून गंगाबाईंचा आवाज आला, “काय? परीक्षकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या?”

गंगाबाई पदर खोचत बाहेर आल्या.

“डॉक्टर झाली!”

“अक्का, मग आमच्या गिरीशसाठी पुन्हा बघायला येऊ? सोवळ्याचं घेऊ सांभाळून.”

“या की. मुलगी बघायला येणाऱ्यांचा सोज्जीचा शिरा नि भजी खायला घालते. पण आधी त्या वहीवर गिरीशची तोंडी परीक्षा. परीक्षक मी!”