रुपाची काळी सायकल

शहापूर स्टँडवर शेणव्याच्या गाडीच्या रांगेत माझ्यापुढे नवरा-बायको उभे होते.

"रुपा, ती लाल गियरवाली झ्याक होती."

"महाग हाय. नि तिच्यावर बसले तर पाय भुईला टेकत नाय. मला अजून शिकायचंय."

"मग ती काळी? तिला गियर नाय."

"टायर जाड हाय, ब्रेक चांगला लागतो. सोमवारपासून पाड्यावरच्या अंगणवाडीत नोकरीला जायला तेवढी पुरे."

"चढ आला तर?"

"उतरून ढकलीन."

"नि पडलीस तर?"

"तुमी मागून धराल ना?"

"धरीन गो."

तेवढ्यात गाडी लागली.

"चल, चढ लवकर."

"नाय. दुकान उघडं हाय तोवर काळी घेऊ. घरी तिच्यावरच जाऊ."

"अगो, शेणवा लांब हाय."

"मग पोचेपर्यंत शिकेन की."

दोघंही रांगेतून बाहेर पडली.