बोटं उमटली होती

बेबाबाई : तो पासपोर्ट राहू दे कामिनी, आधी माही बोटं पाहा. दीड वर्ष झालं, केळीच्या चिकाले हात लावला नाही. आता तरी उमटतील ना?

कामिनी : काकू, उमटली नाहीत असं कोण म्हणालं तुम्हाला?

बेबाबाई : जितूच म्हणला, कॅनडाहून. मुंबईले जाऊन मशीनवर बोटं ठेवून आली मी. तर म्हणे, आई, तुह्या रेघा घासल्या, मशीनले दिसल्याच नाहीत, व्हिसा नाकारला. राशनच्या मशीनवर तर पहिल्या झटक्यात उमटतो अंगठा! मले वाटलं, तिकडचं मशीन बारीक असेल. तुह्या जळगावच्या व्हिसाच्या ऑफिसातून पुन्हा अर्ज कर बाई. नातीले एकदा मांडीवर घेऊ दे.

कामिनी : आणि पासपोर्टात हे चिकटवलंय ते?

बेबाबाई : तो नकाराचा कागद. जितू म्हणे काढू नको, गुन्हा आहे.

कामिनी : नकाराचं स्टिकर नसतं हो काकू. नकार आला तर पत्र येतं. हाच व्हिसा आहे. हे तुमचं नाव, ही तारीख. बोटं उमटली म्हणून तर हे चिकटलं.

बेबाबाई : नीट वाच. माहा जितू असं नाही करणार.

कामिनी : दोनदा वाचलं काकू.

बेबाबाई : लाव त्याले फोन.

(फोन स्पीकरवर.)

जितेंद्र : हं आई, पटकन बोल, ऑफिसला निघतोय.

बेबाबाई : माही बोटं उमटली होती का रे?

जितेंद्र : ...कोण बसलंय तुझ्याजवळ?

बेबाबाई : इचारते ते सांग.

जितेंद्र : आई, समजून घे ना. मयुरीच्या बाळंतपणाला तिची आई येणार होती. जास्तीची खोली एकच. त्यात इथली थंडी, इथले लोक, तुझं ते बोलणं... तुला करमलं नसतं. वाईट वाटू नये म्हणून बोटांचं सांगितलं.

बेबाबाई : म्हणून माह्याच हातावर ढकललं? अरे, लोणी चोळून, हाताले मोजे घालून झोपत होती मी! बायका केळीच्या बुडाशी फुटलेली पिलं कापाले जायच्या, मी बांधावर बसून राहायची. माह्या हातातच खोट आहे, असं गल्लीभर सांगत फिरली. 'येऊ नको' म्हणला असता, तर रडली असती अन् गप बसली असती. खोटं कशाले बोलला?

जितेंद्र : पुढच्या उन्हाळ्यात नक्की बोलावतो, मयुरीशी बोलून...

बेबाबाई : बंद कर बाई तो फोन.

कामिनी : केला. पाणी घ्या काकू... ऐका, व्हिसाची मुदत अजून आहे. कोणाला विचारायची गरज नाही. तिकीट काढू?

बेबाबाई : तठी उतरल्यावर काय करतात?

कामिनी : विमानतळावरचे साहेब बोटं पुन्हा लावून बघतात. कोणाकडे आलात, विचारतात. मग शिक्का मारतात.

बेबाबाई : बोटं देईन मी. पण कोणाकडे आली, हे काय सांगू त्या सायबाले?