चारही ठिपके एका दिशेला

जबाब देणार: तक्रारदार यांची पत्नी. वय ४६ वर्षे. धंदा: कपडे बेतणे व शिवणे, स्वतःचे दुकान. राहणार: तक्रारदार यांच्याच घरी, तूर्त.

मी पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून, कोणाच्याही दबावाखाली न येता सांगते की, दबाव टाकून पाहिला गेला, तो कसा ते पुढे येईल. वरील पत्त्यावर मी पती व सासूबाईंसह राहते. पती कारखान्यात माल तपासनीस आहेत. दुसऱ्यांनी बनवलेल्या वस्तू नापास करणे हे त्यांचे काम आहे. ते काम घरी आल्यावरही चालू असते, एवढेच याबाबत सांगते.

आमच्याकडे एक जुनी मोटार आहे. तिच्यासाठी विश्वासाचा मिस्त्री शोधण्यात पतींची उमेदीची वर्षे गेली. एक मिस्त्री फार बोलायचा, म्हणून लबाड ठरला. दुसरा बोलायचाच नाही, म्हणजे नक्की काहीतरी लपवत होता. एकाचे गॅरेज इतके स्वच्छ होते की हा काम करतच नसणार, असा निकाल दारातूनच लागला. शेवटी वळणावरच्या गॅरेजमध्ये गाडी जाऊ लागली. त्या मिस्त्रींना सगळे मामा म्हणतात. त्यांनाच साहेब, आपण आज दुपारपासून ठाण्याच्या आतल्या खोलीत बसवून ठेवले आहे.

मामा देवमाणूस आहेत असे माझे म्हणणे नाही. "संध्याकाळी या" म्हणतात, ती कुठली संध्याकाळ ते सांगत नाहीत. सीटवर काळी बोटे उमटवतात, वर स्वतःच्या गुडघेदुखीची हकिगत ऐकवतात. पण जे बदलले ते जुने सामान काढून आपल्या पुढ्यात ठेवतात, आणि जे बदलायला नको ते नको म्हणतात. मी स्वतः दुकान चालवते. गिऱ्हाइकाला नको म्हणणे किती जिवावर येते हे मला माहीत आहे.

इतका सरळपणा पतींना पचला नाही. गाडी मामांकडे देण्याआधी ते बॉनेट उघडून, माल अदलाबदल झाला तर कळावे म्हणून, एकेका भागावर लाल ठिपका लावायचे. गाडी परत आली की टॉर्च घेऊन ठिपके तपासायचे. एकही ठिपका कधी गायब झाला नाही. त्यावर पतींचे मत पडले की, "हा फारच मुरलेला दिसतोय."

गेल्या आठवड्यात ब्रेक दाबला की कुरकुर ऐकू येऊ लागली. मामा म्हणाले, पुढच्या चाकांच्या ब्रेकचे पॅड झिजलेत, शनिवारी गाडी ठेवून जा. पती शनिवारी गाडी ठेवायला गेले आणि नवे पॅड विकत घेऊन गाडीसकट परत आले. "एवढ्याशा कामाला दिवसभर गाडी कशाला हवी त्याला?" असे म्हणाले. मग मोबाईलवर त्यांनी मला एक दाढीवाला इसम दाखवला, तो हेच काम चहा गार व्हायच्या आत उरकतो. मी म्हटले, "हा शिकताना किती गाड्यांची वाट लागली, तेही दाखवतो का?" पतींनी आवाज वाढवला. मोबाईलचा.

रविवारी सकाळी बिल्डिंगच्या आवारात पतींनी जॅक लावून चाके काढली. मला तो व्हिडिओ लावलेला मोबाईल धरून उभे केले होते. मध्येच नणंदेचा फोन आला. तिचे बोलणे संपेपर्यंत पतींनी धीर धरला नाही आणि पुढचे सगळे अंदाजाने केले. नव्या पॅडच्या लोखंडी पाठीवर त्यांनी आधीच ठिपके लावून ठेवले होते. "पुढे ऑइल बदलायला गाडी मामाकडे जाईल, तेव्हा माझे नवे पॅड ढापेल तो," हे त्यामागचे कारण. आता एका चाकात दोन पॅड समोरासमोर बसतात आणि मधली फिरती तबकडी आपल्या खरखरीत पोटाने दोन्हीकडून धरतात. पण पतींच्या कारखान्यात मालावरच्या खुणा एकाच दिशेला लागतात. म्हणून त्यांनी चारही ठिपके बाहेरच्या दिशेला केले. मी विचारले, "अहो, समोरासमोर आहेत, तर दोघांची पाठ एकाच बाजूला कशी?" पती म्हणाले, "तू शिवणकाम बघ." मी शिवणकाम बघायला निघून गेले.

सोमवारी सासूबाईंना डोळ्यांच्या दवाखान्यात न्यायचे होते. गाडी पती चालवत होते. ब्रेक दाबला की किंचाळल्यासारखा आवाज येत होता. पती म्हणाले, नवे आहेत, रुळतील. दवाखान्यापुढच्या उतारावर गाडी थांबली नाही. ती कुंपणाच्या भिंतीने थांबवली. सासूबाई पुढे बसल्या होत्या, त्यांचे मनगट मोडले. त्या ओरडल्या नाहीत. हात मांडीवर घेतला आणि मला म्हणाल्या, "चष्मा पडला गं, बघ जरा." मी खूप घाबरले होते, मला तो सापडेना. पतींचे पहिले शब्द "आई, लागलं का?" हे नव्हते. पहिले शब्द "मामाने घात केला" हे होते.

पतींच्या तक्रारीत पॅड शनिवारी मामांनी बसवले असे लिहिले आहे. ते खोटे आहे. गाडी तपासली तेव्हा आतल्या बाजूचे दोन पॅड उलटे, लोखंडी पाठ तबकडीकडे असलेले सापडले, आणि त्यांवरचा लाल ठिपका ही मिस्त्री लोकांची गुप्त खूण असते, असे पतींनी आपणांस सांगितल्याचे समजले. विचारल्यावरून सांगते की, ती खूण नसून माझे नेलपॉलिश आहे. बाटली हजर करत आहे. ती संपत आली आहे. मी स्वतः ती दोनदाच लावली.

आज इथे येताना जिन्यात पती म्हणाले, "तू फक्त एवढंच सांग, गाडी मामाकडे होती. बाकी मी बघतो." बाकी त्यांनी रविवारी बघितलेच होते. मी म्हटले, गुन्हा लागला तर मामांच्या गॅरेजला कुलूप लागेल. त्यावर ते म्हणाले, "तू माझी बायको की त्याची वकील?" मला फार राग आला, तो अजून आहे, तसे लिहावे.

जबाब मला वाचून दाखवला. पती बाहेर बाकावर आहेत, म्हणून दार उघडे ठेवून मोठ्याने वाचायला मीच सांगितले. मी बोलले तेच त्यात आहे. वाचून होताच पती आत आले आणि साहेबांना म्हणाले, "ब्रेक मीच बसवले, ते राहू द्या. मामांना सोडा. फक्त आईला लागलं का ते मी आधी विचारलं नाही, तेवढी ओळ काढा."

ती ओळ काढायला माझी हरकत आहे. सही केली आहे.