रेवर बसणारं गाणं

...आणि वर मलाच म्हणते, "बाबा, तुमचा सा चुकतोय." आता तुम्हीच सांगा, सरावलीच्या भजनी मंडळात तीस वर्षं पेटी वाजवणाऱ्या माणसाला त्याच्या पोटच्या पोरीने असं म्हणावं? शेजारचे इराणी शेठ वाडी विकून गेले, जाताना आपला पियानो त्यांच्याकडेच शिकलेल्या आमच्या दिशाला देऊन गेले, तो चिकूच्या टेम्पोतून आला, आठ जणांनी उतरवला, दाराची चौकट काढावी लागली, आणि एवढं करून चूक कोणाची, तर माझी, धनेश राऊतची.

तर झालं काय, नोटाबंदीच्या पुढच्या वर्षी दिशाचं लग्न ठरलं, तलासरीला. तीन आठवडे उरलेले, आणि मला हौस, की हळदीला तिच्या आईचं गाणं आपण पियानोवर वाजवायचं. आईचं म्हणजे कुसुमचं, आमच्या हिचं. वेवजीहून माहेरचं हे एकच गाणं घेऊन आली, आणि तुम्हाला सांगतो, सव्वीस वर्षं मी तिला सांगतोय, अगं, हे शेवटी रेवर लोंबकळतं, एक पायरी खाली उतर, सावर ये. तर म्हणायची, "माझं तिथेच बसतं." कुठे बसतं? रे ही काय बसायची जागा आहे? शेवटी माझ्यासमोर गायचीच बंद झाली. ओट्यापाशी गुणगुणायची, मी आलो की गप्प.

बरं, गाण्यात काळी पट्टी एकही नाही. सगळ्या पांढऱ्या. म्हणजे सा पांढरी एक, पहिली पांढरी पट्टी, हे आमच्या मंडळातलं शेंबडं पोरही सांगेल. डावा हात पांढरी एकवर रोवून मी रोज वाजवतोय, आणि गाणं आपलं पाहुण्यासारखं दारात उभं. आत यायला तयार नाही.

दिशा म्हणाली, "बाबा, याला मोड म्हणतात." म्हटलं, मोड मटकीला येतात. "डोरियन मोड." म्हटलं, दोरी असो नाहीतर सुंभ असो, मला गाणं बसवून दे. तर तिने माझा डावा हात उचलला आणि रेवर ठेवला. "हा तुमचा सा. इथून निघायचं, इथेच परत यायचं. पट्ट्या त्याच, घर दुसरं." म्हटलं, अगं, रेला सा म्हणू? उद्या शेजाऱ्याला जावई म्हणू? "म्हणून तर बघा."

म्हटलं. आणि रेपासून रेपर्यंत सगळ्या पांढऱ्या वाजवल्या, तर तिसरा सूर आपोआप कोमल... अहो, हा तर आमचा काफी राग! जन्मभर दोन काळ्या दाबून वाजवला, तो इथे काळीला हात न लावता समोर हजर. पट्ट्या त्याच, घर दुसरं.

मग डावा हात तिथेच ठेवून कुसुमचं गाणं धरलं. ती स्वयंपाकघरातून आली, हात पिठाचे, दारात टेकली आणि गायला लागली. माझ्यासमोर. शेवटची ओळ आली, रेवर आली, आणि बसली. सव्वीस वर्षं बाई बरोबर गात होती, आणि मी पेटीवाला तिला बेसूर ठरवत होतो. म्हटलं, "कुसुम, चुकलं माझं." तर म्हणते, "चहा टाकू?"

हळद झकास झाली. बायका गायल्या, मी वाजवलं, कुसुम सगळ्यांच्या वर. पोरगी गेली.

लग्नानंतर पाचपरतावनाला माहेरी आली, चार दिवस राहिली. चौथ्या दिवशी पियानोपाशी बसलो होतो दोघं, तिने घड्याळ पाहिलं. "बाबा, निघते. बस चुकली तर घरी पोचायला उशीर होईल."

घरी. तलासरीला. मग हे काय होतं, धर्मशाळा? मी कुसुमकडे बघितलं. ती म्हणते, "बघता काय? मीही वेवजीत असंच म्हणाले होते. बाबा माझे दोन दिवस जेवले नाहीत."

पोरगी तीच, हसणं तेच... पट्ट्या त्याच, घर दुसरं. तीस वर्षं सारेगम घासलं, तुम्हाला सांगतो, पण हा साधा शब्द कधी नीट ऐकला नव्हता. सा सरतो, जागा बदलतो, म्हणून तर त्या घराला सासर म्हणतात.