सुहृद क्लबातील कोळी घोडी व फाटलेली बनात

नाव : शिवमूर्ती विरूपाक्ष हुक्कीरे. वय : २२ वर्षे. शिक्षण : सातवी पास. धंदा : नोकरी, सुहृद क्लबात स्नूकर टेबलाचा मार्कर. राहणार : उचगाव, ता. करवीर, जि. कोल्हापूर.

आज दि. १५ मार्च १९७६ रोजी ठाण्यात बोलावल्यावरून मी समक्ष हजर राहून सांगतो ते असे :

मी वरील ठिकाणी आईसह राहतो. क्लबात चार वर्षे कामास आहे. टेबलावरची हिरवी बनात, म्हणजे वर ताणलेले लोकरी कापड, झाडणे, तिला इस्त्री करणे, गुण मांडणे व सभासद मागतील ती घोडी देणे ही माझी कामे आहेत. बॉलपर्यंत हात पोहोचत नसेल तेव्हा खेळण्याची काठी ज्यावर टेकवतात त्या लांब दांड्याला आम्ही घोडी म्हणतो. क्लबात दोन घोड्या आहेत. एकीच्या टोकाला पितळेची बुटकी फुली आहे. दुसरीला उंच पाय आहेत, म्हणून तिला कोळी म्हणतात. जागा मोकळी असेल तर फुली घ्यायची, दुसरा बॉल आड येत असेल तर कोळी. एवढे कळायला सातवीही लागत नाही.

फिर्यादी श्री. त्र्यंबकराव हेर्लेकर, कंत्राटदार, हे अकरा वर्षे सभासद आहेत. त्यांना अद्याप कळलेले नाही.

काल रविवारी सायंकाळी सव्वासहाच्या सुमारास त्यांचा गुळाचे व्यापारी बाळासो चौगुले यांच्याशी डाव चालू होता. आणखी तीन सभासद बघत होते. पांढरा बॉल टेबलाच्या मध्यावर होता व त्याच्या अलीकडे चार बोटांवर तांबडा बॉल आड होता. मी म्हणालो, "साहेब, कोळी लागेल." साहेब म्हणाले, "तू गुण मांड. फुली दे." मी फुली दिली. त्यांनी ती मांडली, उचलली, पुन्हा मांडली. असे पाच वेळा झाले. बाळासो म्हणाले, "त्र्यंबकराव, टांग्याची घोडी आणू काय? वर बसूनच मारा."

कोळी बाहेर व्हरांड्यात होती. मी दारातून पहारेकरी गुंडूमामा यांना हाक मारली, "मामा, कोळी घेऊन या बिगीबिगी, साहेब अडकलेत." गुंडूमामांचा कामाचा तिसरा दिवस होता. येथे माझी चूक आहे. मी 'कोळी घोडी' असे पूर्ण म्हणावयास हवे होते. गुंडूमामा समोरच्या चौकीत गेले व हवालदार कोळी यांना घेऊन आले.

तोवर साहेब थांबले नाहीत. त्यांनी बुटक्या फुलीवर काठी तिरपी उभी धरून फटका मारला. टोक खाली घुसले व हेर्लेकर साहेबांच्या हातून चुकून बनात फाटली. मी नंतर पट्टीने मोजली. सहा इंच भरली. पांढरा बॉल जागचा हलला नव्हता.

त्याच वेळी हवालदार कोळी दारात येऊन म्हणाले, "कोण अडकलंय? कुठं हाय?" बाळासो म्हणाले, "ह्यो काय तांबडा बॉल! ह्यानंच अडवलंय की साहेबास्नी. घाला बेड्या." सर्व जण हसले. मी हसलो नाही. साहेबांनी काठी माझ्या हातात दिली व हवालदारांना म्हणाले, "बरं झालं आलात. ह्या पोरानं मुद्दाम टेबल फाडलंय."

काठी माझ्या हातात सापडली ती एवढ्याने. मार्करने खेळायचे नाही असा क्लबाचा नियम आहे. चार वर्षांत मी त्या टेबलावर एकही फटका मारलेला नाही. हवालदारांनी विचारले तेव्हा बाळासो म्हणाले, "आम्ही त्या टायमाला गुणांचा फळा बघत हुतो." बाकी तिघेही फळाच बघत होते. फळ्यावर साहेबांचे गुण तीन होते. एवढा वेळ बघण्यासारखे तेथे काही नव्हते.

आज सकाळी ठाण्याच्या पायरीवर साहेब मला म्हणाले, "शिवमूर्ती, चुकून फाटली म्हण. मी फिर्याद मागं घेतो, तुझी नोकरी ऱ्हाती." मी विचारले, "कुणाच्या हातून म्हणू?" ते म्हणाले, "ते एवढं इस्कटून कशाला सांगायचं?" आईला मी अजून काही सांगितलेले नाही.

जबाब लिहून झाल्यावर अंमलदारांनी मला वाचून दाखवला. त्यात 'माझ्या हातून चूकून बनात फाटली' असे आल्याने मी कागद मागून घेतला. 'माझ्या' हा शब्द खोडून तेथे 'हेर्लेकर साहेबांच्या' असे केले आहे. 'चुकून' तसेच राहू दिले, फक्त त्यातला चु ऱ्हस्व केला. दोन्ही ठिकाणी सही केली आहे. आता हा जबाब मी सांगितला तसा आहे व बरोबर आहे.

(सही) शि. वि. हुक्कीरे