भुवई उडाली, फोन लागला

…आणि मी फक्त भुवई काढत होते हो! गणपतीची! तेवढ्यात शेजारी उभा केलेला फोन ‘टिंग’ करतो. मी दचकले, पण म्हटलं, असेल रिचार्जचा मेसेज. कसला मेसेज! तुम्हाला सांगते, आमचा पेणला मूर्तींचा कारखाना, माझे हात सदा रंगाने भरलेले, म्हणून प्रणितदादाने फोनमध्ये काहीतरी घातलं. म्हणाला, “नमे, आता हात लावायचाच नाय! कॅमेरा तुझं तोंड बघतो. भुवया उडवल्यास की शेवटच्या नंबरला फोन, आ केलास की कट!” केवढा हुशार! पण मूर्तीची भुवई वर नेताना आखणाऱ्याचीही वर जाते, हे घरच्याच माणसाला कळू नये? आमचे बाबा तर सोंड रंगवताना मानसुद्धा वळवतात!

बरं, शेवटचा नंबर कुणाचा? रोह्याच्या कृष्णाबाईंचा! रविवारी बाबांनी त्यांना रस्ता सांगायला माझाच फोन घेतलेला. त्यांचा मुलगा सुशील, धाटावला कंपनीत आहे, मला बघायला आला होता. मला… म्हणजे… आवडला हो. पण निघताना बाई बजावून गेल्या, “आम्ही कळवू. तुम्ही फोन करू नका, मुलीकडच्यांची घाई बरी दिसत नाय.”

आणि मी? सकाळपासून भुवयाच काढतेय! भुवई वर, रिंग सुरू… मला वाटतंय, कुणीतरी मलाच फोन करतंय… मी दचकते, आ वासते, कट! पुन्हा भुवई, पुन्हा रिंग, पुन्हा आ! उठून बघावं, तर मूर्तीचे डोळे अर्धे टाकून उठायचं नसतं आमच्यात. दादा वर विचारतो, “दचकतेस कशाला गो एवढी?” अरे, मी कुकरच्या शिट्टीला दचकते, मी रिंगला सोडीन? पण नाही… हात लावायचाच नाय!

जेवायला उठले, हात धुतले, बघते तर स्क्रीनभर कृष्णाबाई! संपलं! स्थळ गेलं! म्हटलं, निदान माफी मागू. चांगला बोटाने लावला फोन. हो, लावला हात! उचलेनात. परत लावला. आता माफीचीही घाईच दिसणार की! आणि… उचलला!

“कोण, नम्रता? अगो, किती ते फोन! मी सुशीलला बोलले, हीच पोरगी पाहिजे. रातपाळी करून निजला की कानाशी भोंगा वाजवला तरी उठत नाय मेला, सारखी शिफ्ट चुकते. तू बरोबर उठवशील! आमचं व्हय समज!”

म्हणजे बघा… पसंत पडले मी. गजर म्हणून!