कूस बदलल्याचा तक्ता

अंथरुणाला खिळलेली माझी बायको पाठीवरच्या जखमा चिघळून गेली, असं डॉक्टरांनी सोमवारी सांगितलं. पुढच्या सोमवारी मी तक्रार लिहून, घरी सेविका पाठवणाऱ्या संस्थेच्या ऑफिसात गेलो. बाकावर माझ्या शेजारी दोन सेविका बसल्या होत्या, एक जुनी, एक नवी.

"ताई, दर दोन तासांनी कूस बदलायची आणि तक्त्यावर खूण करायची, एवढंच ना?"

"एवढंच म्हणे! सत्तर किलोचं माणूस एकटीनं वळवून बघ, कंबर धरते की नाही."

"मग तुम्ही काय करता?"

"खुणा संध्याकाळी एकदम. फक्त एका पेनानं नको, लगेच कळतं."

"अगोबाई! घरचे बघत नाहीत?"

"बघतात कसले, खाली सही केली की मोकळे."

"घरच्यांनाच हाक मारायची मग. दोघं मिळून वळवायचं."

"मारली होती गं, पहिल्या घरी. 'ते तुमचं काम' म्हणाले आणि दार ओढून घेतलं. पुन्हा नाही मारली."

"आणि पेशंटची पाठ?"

"तू वळव गं बाई. ओरडून बोलव त्यांना, भांड, पण वळव."

आमच्याकडच्या बाईंनीही पहिल्या दिवशी मला हाक मारली होती. माझा पेपर वाचून व्हायचा होता.

तक्रार मी घरी परत आणली. ती अजून द्यायची राहिली आहे.